न काढलेले तीन दिवे

खोल समुद्रातल्या माशांवर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस मला पुण्यात समुद्र नसल्याची माहिती द्यायचा. कसबा पेठेत ज्या बाईंच्या माडीवरच्या खोलीत मी राहत होते, त्यांनी पहिल्याच दिवशी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "मुठा नदीत सापडतात का हो ते?" त्याआधी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं आणि पाणी सकाळी सहाच्या आत भरून घ्यायचं, असं बजावलं होतं. मी गोंदियाची. वडील रेल्वेत होते. आम्ही बौद्ध, आणि आमच्या घराण्यात एम.एस्सी. झालेली मी पहिली. आडनाव दोनदा सांगायची मला सवय होती. समुद्राचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार नसायचं, कारण तोवर मी समुद्र पाहिलेलाच नव्हता.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी पीएच.डी.साठी एका जुन्या संशोधन संस्थेत दाखल झाले. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होती. आत शिरलं की फॉर्मालिनने डोळे चुरचुरायचे. तिन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी मांडण्या, आणि मांडण्यांवर काचेच्या बरण्या. संशोधनाच्या जहाजांनी अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात जाळी टाकून खोलवरून जे काही वर काढलं होतं, त्यातला एक हिस्सा वर्षानुवर्षं आमच्याकडे येत होता. त्या ढिगातून मासे वेगळे करायचे, त्यांची जात ठरवायची, चिठ्ठी लिहायची, नोंद करायची. प्रयोगशाळेत माणसं तीनच. मी, आमचे सर, आणि बरण्या धुण्यापासून मांडण्या पुसण्यापर्यंत सगळं करणारे मामा.

सर तेव्हा निवृत्तीच्या जवळ आले होते. सदाशिव पेठेतले, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. विद्यार्थ्यांनाही 'अहो' म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "काय करताय?" मी म्हणाले, "मासे मोजून राहिली, सर." ते म्हणाले, "मोजतेय म्हणा. मासा कुठे पळून जाणार नाही, मराठी जाईल." मला राग आला होता. नंतर कळलं की हा माणूस संचालकांशीसुद्धा असाच बोलतो.

आमचा विषय होता कंदीलमासे. बोटभर लांबीचे, मोठ्या डोळ्यांचे. दिवसा हे मासे उजेड पोचत नाही इतक्या खोलीत राहतात आणि अंधार पडला की खाण्यासाठी वर येतात. त्यांच्या पोटावर आणि कुशीवर बारीक दिवे असतात, मोहरीपेक्षाही लहान, ठरावीक ओळींत. कोणत्या ओळीत किती दिवे आणि मध्ये जागा किती, यावरून जात ओळखायची. बरणीतल्या माशाचे दिवे अर्थात विझलेलेच. तपकिरी कातडीवर फिकट टिकल्या दिसायच्या तेवढ्याच.

सर तरुणपणी एकदा जहाजावर गेले होते. जाळ्यातून आलेला एक मासा बादलीत जेमतेम दोन मिनिटं जिवंत राहिला आणि त्याचे दिवे त्यांनी पेटलेले पाहिले. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. रंग कसा होता विचारलं, तर म्हणाले, "निळा म्हणतात. मला तसा वाटला नाही. दुसरा शब्द सुचला नाही म्हणून मीही निळाच लिहिला."

त्यांना दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. चिठ्ठ्या ते मला वाचायला लावत. चष्म्याचा नंबर बदलायचाय, म्हणायचे. जिना उतरताना कठड्यावरचा हात उचलत नसत. मग एके दिवशी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि आकडे सांगितले. मी लिहून घेतले. ते हात धुवायला गेल्यावर मी सहज त्याच भिंगातून पाहायला गेले, तर आत नुसतं धुकं. फोकस लागलेलाच नव्हता. आकडे बरोबर होते. इतकी वर्षं मोजून त्यांना ते पाठ झाले होते.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगून बरीच वर्षं झाली होती, हे मला खूप पुढे काकूंकडून, म्हणजे सरांच्या पत्नींकडून कळलं. त्या वेळी मी कोणालाच काही बोलले नाही. मामांनाही ठाऊक असावं. ते सरांच्या टेबलावरची कोणतीच वस्तू जागची हलवत नसत. तिघंही काही नसल्यासारखे वागायचो.

त्याच सुमारास संस्थेत नवे संचालक आले. शहरात जिथे तिथे कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि आमच्याही संस्थेला असं केंद्र हवं होतं. दुसरा मजला त्यांना पसंत पडला. एकदा ते स्वतः वर आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "सर, हे सगळं इथं पुण्यात कशासाठी? समुद्राकाठी कुणाला तरी देऊन टाकू या."

सर म्हणाले, "समुद्राकाठच्या लोकांकडे मासे आहेत. त्यांना हे नकोयत."

"निदान काहीतरी नवीन दाखवा. बोर्डापुढे ठेवता येईल असं."

मार्चअखेरपर्यंत मुदत मिळाली.

तो मासा जानेवारीत निघाला. जुन्या बरणीतला, अडीच इंचांचा, एकटाच. उजव्या बाजूची कातडी जाळ्यात सोलून निघाली होती. डावी बाजू बरी होती. मी नेहमीसारखी मोजत मोठ्याने सांगत होते. "शेपटीकडच्या ओळीत पाच. मग जागा. मग दोन."

सर चिठ्ठी चाचपत होते, थांबले. "जागा? केवढी?"

"तीन दिव्यांएवढी."

"पुन्हा मोजा."

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. सर खुर्चीत बसले. अशी मोकळी जागा असलेली जात कोणत्याही यादीत नव्हती. जुनी पुस्तकं काढून त्यांनी मला पानं वाचायला लावली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन त्यांनी संचालकांना सांगितलं की आपल्याकडे एक नवीन जात आहे. संचालकांनी त्याच संध्याकाळी एका पत्रकाराला बोलावलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली. घरमालकीणबाईंनी ती वाचून मला लाडू दिला आणि म्हणाल्या, "म्हणजे निघालाच की पुण्यात मासा."

लेखासाठी चित्र हवं होतं. ते काम माझं. मायक्रोस्कोपला आरसा जोडून प्रतिमा कागदावर घ्यायची आणि गिरवायची. नेमका त्याच वेळी मायक्रोस्कोपवरचा दिवा गेला. बुधवार पेठेतून मी एक छोटा बल्ब आणि होल्डर आणला, तारेच्या दांडीवर बसवला. जुना दिवा सरळ वरून पडायचा. हा कसाही वळवता येत होता. मी तो बाजूला, अगदी खाली नेला आणि मोकळ्या जागेकडे पाहिलं.

तिथे तीन खड्डे होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, अगदी उथळ. कातडीला चिकटलेला दिवा जाळ्यात घासून निघाला की खाली अशी वाटी उरते, हे सरांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे पाच, तीन आणि दोन. दहा दिव्यांची सलग ओळ. आमच्या मांडणीवर अशा माशांच्या चाळीसेक बरण्या होत्या.

मी ते पुन्हा मोजले, तीनच. मग सरांना हाक मारली. "सर, एकदा तिरपा प्रकाश टाकून बघता का? त्या जागेत काहीतरी वाटतंय."

ते आले. वाकले. डोळा लावला, स्क्रू थोडा फिरवला. मी शेजारी उभी होते आणि त्यांनी स्क्रू उलट्या बाजूला फिरवलाय हे मला दिसत होतं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "काही नाही तिथे. जे दिसतं ते काढा."

मी तेव्हा बोलू शकले असते. सर, आपल्याला दिसत नाहीये, एवढंच वाक्य. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, मामा खाली गेले होते. मी गप्प बसले. बातमी छापून आली होती. मार्चअखेर जवळ होती. माझा प्रबंध अर्धा झाला होता आणि मांडण्या गेल्या तर तो तिथेच संपणार होता. हे सगळं मनात होतं, आणि शिवाय ते वाक्य त्या माणसाला तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. यातलं किती कशामुळे, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी बल्ब वर केला. खड्डे दिसेनासे झाले. मी चित्र काढलं. पाच दिवे, मोकळी जागा, दोन दिवे. चित्र सुरेख झालं होतं.

लेख छापून आला. त्यावर सरांचं नाव आणि खाली माझं. मासा एका सरकारी संग्रहालयात जमा झाला. प्रयोगशाळा वाचली, पण दोनच वर्षं. दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले आणि महिन्याभरात कॉम्प्युटर केंद्रासाठी भिंतींना रंग लागला. बरण्या तळमजल्यावरच्या मोटारीच्या शेडमध्ये गेल्या. एका उन्हाळ्यात आतलं फॉर्मालिन आटून बहुतेक मासे वाळले. पुढे त्या बरण्या रिकाम्या करून भंगारात दिल्या, हे मामांनी मला मंडईत भेटल्यावर सांगितलं. "मी धुवून दिल्या हो," म्हणाले. "तशाच घाण कशा द्यायच्या?"

माझा प्रबंध राहिला तो राहिलाच. ज्या कॉम्प्युटर केंद्राने आम्हाला बाहेर काढलं, त्याच केंद्रात मी सहा महिन्यांचा कोर्स केला. सन दोन हजार जवळ येत होतं आणि जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायला कंपन्यांना माणसं हवी होती. प्राणिशास्त्राचं कोणी विचारलं नाही. नोकरी लागली, टिकली. शहराबाहेर मांजरी गावात एका नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे खिडकीखाली ऊस होता. आईवडील गोंदियाहून येऊन राहू लागले. वडील अभिमानाने लोकांना सांगत, "पोरगी आयटीत हाय." नव्या माशाचं कात्रण मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. पाहुण्यांना ते दाखवायला लागले की मी आत जायचे.

सरांकडे मी दोन-तीन महिन्यांनी जायचे. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ते रेडिओ ऐकत, काकू त्यांना पेपर वाचून दाखवत. बोलणं फिरून त्या माशावर यायचं. परदेशातल्या कोणी त्याचा उल्लेख केला का, आणखी एखादा कुठे सापडला का. सापडेल, ते म्हणायचे. समुद्र मोठा आहे. मी हो म्हणायचे.

मग एका शनिवारी काकूंचा फोन आला. "अहो, यांच्या नावाने परदेशातून पाकीट आलंय. इंग्रजी आहे, मला काही लागत नाही. उद्या याल का? हे सकाळपासून अगदी वाट बघतायत."

रविवारी मी गेले. सर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. काकूंनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते फोडलं आणि पहिला परिच्छेद मनात वाचला. वाचताच कळलं.

पत्र फार सभ्य होतं. लिहिणारा एका परदेशी संग्रहालयात कंदीलमाशांवर काम करत होता. त्याने आमचा नमुना तपासण्यासाठी मागवला होता. तिरप्या प्रकाशात त्याला मोकळ्या जागेत तीन गळालेल्या दिव्यांच्या खुणा दिसल्या. त्यामुळे ही जात वेगळी धरता येणार नाही, असं त्याला खेदाने कळवावं लागत होतं. तसा लेख तो छापणार होता. त्याआधी सरांना काही म्हणायचं असेल तर जरूर लिहावं. शेवटी एक वाक्य होतं. मूळ लेखातलं चित्र अतिशय बारकाईने काढलेलं आहे, त्यामुळे त्यात या खुणा नसाव्यात याचं आश्चर्य वाटतं.

"वाचताय ना?" सर म्हणाले.

मी वाचलं. सगळं, त्या वाक्यासकट. इंग्रजीत वाचलं, सरांना ते पुरेसं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर अजून उत्सुकता होती.

सरांनी हात पुढे करून पत्र घेतलं, चाचपलं. मग म्हणाले, "चित्र तुम्ही काढलं होतं."

"हो."

"तुम्ही मला एकदा तिरपा प्रकाश टाकून बघायला सांगितलं होतं."

"हो, सर."

"आणि मी काही नाही म्हणालो."

त्यांनी पत्र परत माझ्या हातात दिलं.

"तुम्हाला दिसले होते?"

"हो. तीन."

त्यांनी मान हलवली, एखादा आकडा बरोबर आल्यावर हलवायचे तशी. काकूंनी विचारलं, "काय लिहिलंय? चांगलं आहे ना?" सर म्हणाले, "चूक निघालीये. तू चहा टाक." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कागद घ्या. उत्तर लिहू."

त्यांनी न अडखळता सांगितलं आणि मी लिहिलं. आपलं निरीक्षण बरोबर आहे. नमुना तपासताना माझी दृष्टी गेलेली होती आणि ते मी संस्थेपासून लपवलं होतं. चूक सर्वस्वी माझी. आपण आपला लेख अवश्य छापावा.

मी म्हणाले, "सर, माझंही लिहू या. मी पाहिलं होतं."

"तुमचं नाव तिथे चित्रासाठी आहे," ते म्हणाले. "चित्र काढणाऱ्याने काय पाहिलं, हे कोणी विचारत नाही."

मला वाचवायला ते असं म्हणाले की मला माझी जागा दाखवायला, हे मी त्यांना विचारलं नाही. सहीसाठी त्यांचा हात धरून कागदावर ठेवावा लागला. हात थंड होता. सही दोन ओळींवरून तिरपी गेली. चहा झाला, मी निघाले. जिन्यापर्यंत पोचवायला काकू आल्या, सर आले नाहीत. एरवी ते दारापर्यंत यायचेच.

पत्र मी सोमवारी पोस्टात टाकलं. त्यानंतर फोन केला की काकू म्हणायच्या, झोपलेत. पुन्हा केला, झोपलेत. तिसऱ्यांदा मागून रेडिओचा नव्हे, सरांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि काकू म्हणाल्या, "मी सांगते त्यांना." मग मी फोन करणं बंद केलं. कंपनीने आठ महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. तिथल्या ऑफिसपासून समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर होता. मी दोनदा गेले, वाऱ्यात उभं राहवेना म्हणून परत आले.

मी तिकडे असतानाच सर गेले. मला ते परत आल्यावर कळलं. भेटायला गेले तेव्हा महिना उलटून गेला होता. काकू एकट्याच होत्या. बाहेरच्या खोलीतली सरांची खुर्ची कोणाला तरी देऊन टाकलेली होती. मी त्यांच्या वह्यांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या की ते असतानाच त्यांनी रद्दीत घालायला लावल्या, पत्रानंतर आठवड्याभरात. रेडिओही लावेनासे झाले. विचारलं तर म्हणत, काय ऐकायचं.

"खूप वाईट झालं, काकू," मी म्हणाले. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चित्र काढत होते तेव्हा."

काकू साडीच्या पदराला पडलेली घडी सारखी करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तेव्हाचं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या रविवारी तुम्ही दुसरं काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. मला इंग्रजी येत नाही. त्यांना दिसत नव्हतं. अभिनंदन केलंय, एवढं म्हणाला असतात तर ते त्यावर गेले असते हो सुखाने. गप्प बसायचं तेव्हा बोललात, आणि बोलायचं तेव्हा गप्प बसलात."

त्या रागाने बोलत नव्हत्या. भाजी महागलीये असं सांगावं तशा बोलल्या. माझ्या मनात आलं की सरांनी ते ओळखलं असतं, पुढच्या पत्राची वाट पाहिली असती, मला पुन्हापुन्हा वाचायला लावलं असतं. पण हे काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय ते खरं असेल याचीही मला खात्री नव्हती. इतकी वर्षं ते मला चिठ्ठ्या वाचायला लावत होते आणि मी काय वाचते यावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

त्यांनी चहा केला. मी तो प्यायले. नंतरही दिवाळीला जात राहिले. काकू दार उघडायच्या, फराळाची बशी पुढे करायच्या, आईवडिलांची चौकशी करायच्या. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. चार वर्षांनी त्या मुलीकडे बंगळूरला राहायला गेल्या. मला ते शेजारच्यांकडून कळलं, दिवाळीला गेले आणि दाराला कुलूप दिसलं तेव्हा.